बटाट्याचें बेणें पोत्यानें मोजावें कीं डोळ्यानें ?

आषाढ लागण्यापूर्वीं आणि पुन्हां दसऱ्याच्या सुमारास बटाटा करणाऱ्या आपल्या गांवांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : "एकरीं पोतीं किती टाकावीं ?" विचारणारा पोत्यांत विचारतो आणि सांगणाराही पोत्यांतच सांगतो. कोणी वीस म्हणतो, कोणी पंचवीस. कोणी वडिलांच्या वेळचा दाखला देऊन बारांत भागवितो. पोत्यांत बटाटे किती, एकेक बटाटा केवढा, त्यावर डोळे किती, हें कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्नच मुळांत चुकीचा आहे, असें माझें मत झालें आहे. रब्बीसाठीं आपल्या संघाची बेणेंखरेदी ठरावयाची आहे, तत्पूर्वीं तें मत सभासदांपुढें मांडावें म्हणून हा लेख लिहीत आहें. बटाट्याच्या पिकांत बेण्याएवढा मोठा खर्च दुसरा नाहीं. कित्येक हंगामांत एकूण खर्चाचा निम्म्याजवळचा भाग बेण्यांतच जातो. तेव्हां येथें झालेली चूक खतानें किंवा औषधानें भरून निघत नाहीं.

मी महसूल खात्यांत कारकुनी केलेला मनुष्य आहें. शेतकीची पदवी मजपाशीं नाहीं. वडिलोपार्जित थोडें बागाईत रान आहे, तेवढाच अनुभव. परंतु नोकरींत असतां पीक-कापणीच्या प्रयोगांस हजर राहण्याचे प्रसंग पुष्कळ आले, आणि बटाट्याच्या बाबतींत एक गोष्ट पुनःपुन्हां नजरेस पडली. एकाच ओढ्याचें पाणी, एकाच प्रतीची जमीन, एकाच दुकानांतील खत आणि एकाच गाडींतून उतरलेलें बेणें असूनही बांधाला बांध लागलेल्या दोन रानांतील उतारा इतका वेगळा येई कीं, मापांत चूक झाली असें वाटून पुन्हां वजन करावें लागे. चूक मापांत नसे. एकानें बटाटे जसे आले तसे सरींत फेकलेले असत. दुसऱ्यानें निवडून, कोंब आणून, अंतर राखून लावलेले असत. सात-बाराच्या उताऱ्यांत बटाट्याखालील क्षेत्र लिहिण्यास रकाना आहे, सरीचें अंतर लिहिण्यास नाहीं. त्यामुळें सरकारी कागदांत हीं दोन्ही रानें सारखींच दिसत आणि गांवाची सरासरी काढतांना एकाचें कर्तृत्व दुसऱ्याच्या हयगयींत बुडून जाई.

आतां मूळ मुद्याकडे वळूं. बटाटा हें मूळ नव्हे. जमिनीखालीं वाढलेल्या फांदीचें टोंक फुगून तो बनतो, म्हणून त्याच्या अंगावर डोळे असतात आणि डोळ्यांतून कोंब निघतो. त्या कोंबापासून जें खोड वर येतें तें थोड्याच दिवसांत स्वतःचीं मुळें धरतें, जमिनींत स्वतःच्या आडव्या फांद्या सोडतें आणि त्यांच्या टोंकांस बटाटे धरतें. म्हणजे आपण ज्यास एक झाड म्हणतों तें बहुधा तीन-चार झाडांचें बेट असतें. बटाटे किती धरणार हें बव्हंशीं अशा खोडांच्या संख्येवर अवलंबून असतें. खोडें फार थोडीं असलीं तर बटाटे थोडे आणि बोजड होतात, मधलें रान ऊन खात पडतें. खोडें फार दाट झालीं तर बटाट्यांची संख्या वाढते, परंतु प्रत्येकाच्या वांट्यास अन्न कमी येऊन गोल्टीच फार निघते. एकूण वजन दाटीबरोबर कांहीं मर्यादेपर्यंत वाढतें. त्यापुढें वाढ इतकी थोडी होते कीं, तींतून जास्त बेण्याची किंमतही सुटत नाहीं. खाण्याच्या बटाट्यासाठीं एका चौरस मीटरांत वीसच्या आसपास खोडें असावीं, बेण्यासाठीं पीक घेणें असेल तर तीसपर्यंत असावीं, हा अंदाज धरून चालण्यास हरकत नाहीं. दोन फुटी सरी असेल तर सरींतील साडेपांच फूट लांबी म्हणजे सुमारें एक चौरस मीटर होतो. उगवण पुरी झाल्यावर रानांत चार-पांच ठिकाणीं दोरी धरून खोडें मोजावीं. अर्ध्या तासाचें काम आहे. परंतु तें करणारा शेतकरी मला अद्याप क्वचितच भेटला आहे.

हिशोब करण्याची खोड जात नाहीं, म्हणून थोडा हिशोब मांडतों. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. सरींत दोन फूट आणि बटाट्यांत आठ इंच (म्हणजे साठ व वीस सेंटिमीटर) अंतर धरलें तर एका बटाट्यास सव्वा चौरस फुटाहून किंचित् अधिक जागा मिळते आणि गुंठ्यांत सुमारें ८१६ बटाटे बसतात. एकरांत साडेबत्तीस हजारांहून थोडे अधिक. आतां हे बटाटे चाळीस ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून थोडे लहान, असले तर एकरीं तेरा क्विंटल लागतील; पन्नास किलोचीं सव्वीस पोतीं. तेच बटाटे ऐंशी ग्रॅमचे असले तर बावन्न पोतीं, आणि पंचवीस ग्रॅमचे असले तर सोळा पोतीं. अंतर तेंच, संख्या तीच, आणि पोतीं सोळापासून बावन्नपर्यंत ! मग "एकरीं पोतीं किती" या प्रश्नास उत्तर तें काय द्यावयाचें ?

उलट बाजूनेंही पाहूं. कोणी ऐंशी ग्रॅमच्या बटाट्यांचीं सोळा पोतीं आणून एकर लावूं म्हणेल तर त्याच्यापाशीं बटाटे होतात दहा हजार. दोन फुटी सरींत ते पुरवावयाचे तर दोन बटाट्यांत सव्वीस इंच अंतर पडेल. एवढें अंतर कोणी ठेवीत नाहीं, म्हणून तो विळा काढतो आणि एका बटाट्याचे तीन-चार तुकडे करतो. आपल्याकडे बेणें कापण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं शास्त्र म्हणून नव्हे, तर मोठ्या बटाट्याचें पोतें गळ्यांत पडलें म्हणून टिकून राहिली आहे, असें मला वाटतें. व्यापाऱ्यास मोठा बटाटा बेणें म्हणून देणें सोयीचें असतें. खाण्याच्या बाजारांत भाव पडला कीं तो इकडे वळतो. घेणारासही मोठा बटाटा पाहून समाधान वाटतें. ज्वारीचें बी टपोरें निवडावें हें आपण लहानपणापासून ऐकलेलें असतें. तोच न्याय आपण येथें लावतों, आणि येथेंच फसतों.

कारण ऐंशी ग्रॅमच्या बटाट्यास चाळीस ग्रॅमच्या दुप्पट खोडें येत नाहींत. डोळे असतात सालीवर, आणि वजन दुप्पट झालें तरी साल दीडपटीहून थोडीच अधिक वाढते. म्हणून किलोमागें खोडें मोजलीं तर लहान बटाटा नेहमीं पुढें असतो. याचा अर्थ अगदीं सुपारीएवढा बटाटा लावावा असा मात्र नव्हे. वीस ग्रॅमच्या खालच्या बेण्यांत शिदोरी थोडी. जमीन कोरडी पडली किंवा खोलीं गेलें तर कोंब वर येण्यापूर्वींच ती संपते. तीस ते पन्नास ग्रॅम ही मध्यम प्रत सर्वांत बरी.

येथें एक मोठी धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. न दिल्यास माझ्या लेखानें कोणाचें तरी नुकसान होईल. लहान बटाटा चांगला म्हणून घरच्या खाण्याच्या पिकांतील गोल्टी बेण्यास ठेवूं नये. पानें वळण्याच्या व चट्ट्यांच्या विषाणुरोगानें पछाडलेल्या झाडास बटाटे लहानच येतात. तेव्हां ढिगांतून लहान-लहान निवडणारा मनुष्य न कळत रोगट झाडांची संततीच निवडीत असतो, आणि दोन-तीन हंगामांत "बेणें उतरलें" म्हणून कपाळास हात लावतो. लहान बटाटा बेण्यासाठींच केलेल्या, रोगट झाडें उपटून काढलेल्या पिकांतला पाहिजे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ सालीं पाटण्यास स्थापन झाली व १९५६ सालीं सिमल्यास गेली, तेथील डॉ. पुष्करनाथ यांनीं उत्तरेच्या मैदानांत मावा कमी असतांना बेण्याचें पीक घेण्याची आणि मावा वाढण्यापूर्वींच वरचा पाला कापून टाकण्याची रीत घालून दिली. पाला लवकर कापल्यामुळें बटाटे फार मोठे होत नाहींत आणि रोगही खालीं उतरत नाहीं. पंजाबांतून आपल्याकडे येणाऱ्या चांगल्या बेण्याचा पाया तोच आहे. तेव्हां तिकडचें खरें बेणें मध्यम असतें, ही त्याची खोड नसून खूण आहे.

पोत्यांतून बटाट्याखेरीज दुसरेंही कांहीं येतें, याचा अनुभव आपल्या मुंबई इलाख्यानें फार पूर्वीं घेतला आहे. बटाटा पोखरणारी पाकोळी या देशांतली नव्हे. १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ती मुंबईकडे उतरली आणि कायमची राहिली. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील बटाट्याच्या लागवडीचा अभ्यास करून १९२० सालीं तो प्रसिद्ध केला, त्यांत साठवणींतील सडीस व या पाकोळीस बरीच जागा द्यावी लागली आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. आरण उघडतांच उडणारी ती करडी पाकोळी आजही आपण पाहतों.

आतां कापण्याविषयीं. कापलेलें बेणें सर्वस्वीं टाकाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. रब्बींत, हवा थंड झाल्यावर, बटाटा शेंड्यापासून बुडख्याकडे उभा चिरला, प्रत्येक फोडींत दोन-तीन डोळे व तीस-चाळीस ग्रॅम वजन राखलें, विळा प्रत्येक रोगट बटाट्यानंतर औषधाच्या पाण्यांत बुडविला आणि फोडी दोन-तीन दिवस सावलींत ओलसर गोणपाटाखालीं ठेवून कापलेल्या बाजूस साल धरूं दिली, तर काम भागतें. आडवा चिरूं नये. शेंड्याकडे डोळे फार व जोमदार असतात, बुडख्याच्या फोडीस आंधळेपण येतें. विळ्याची गोष्ट पुष्कळांस क्षुल्लक वाटते. परंतु बांगडीचा रोग एका बटाट्यांतून शंभरांत नेण्यास विळ्याइतका तत्पर वाहक दुसरा नाहीं.

खरिपांत मात्र कापूं नये. हें मी स्वतःच्या नुकसानीवरून लिहितों. एका वर्षीं मृगाचा पाऊस लवकर झाला. मिळालेलें बेणें फार मोठें होतें, देणाऱ्यानें "तीन-तीन फोडी करा, काय बिघडतें?" म्हणून सांगितलें आणि मीही घाईंत तें मानलें. सकाळीं कापलें, दुपारीं लावलें. पुढें सात दिवस झड लागली. वाफशावर रान आल्यावर उकरून पाहतों तों निम्म्या फोडींचा लगदा झालेला. मग नांग्या भरण्याचा उद्योग केला, त्यांत आणखी पैसे घातले. बटाट्याच्या पिकांत नांगी भरणें म्हणजे मनाची समजूत आहे. पंधरा-वीस दिवस मागून आलेलें झाड शेजाऱ्यांच्या सावलींत सांपडतें, काढणीस तयार होत नाहीं, आणि त्यास लागलेले तीन-चार बटाटे भर्तीस नेण्यासारखेही नसतात. उलट नांगीच्या दोन्ही बाजूंचीं झाडें मोकळ्या जागेंत पसरून बोजड व कधीं आंतून पोकळ बटाटे देतात. सातगांव पठारावर आणि खेड-जुन्नरकडे पावसाळी बटाटा करणाऱ्या जुन्या मंडळींनीं अख्खें बेणें लावण्याचा आग्रह कां धरावा, हें त्या वर्षीं मला कळलें.

शीतगृहांतील बेण्याविषयींही लोक फार निष्काळजी आहेत. तेथें बटाटा तीन-चार अंशांच्या थंडींत निजलेला असतो. गाडी रात्रीं आली कीं पहाटे पोतीं फोडून सरींत टाकावयाचीं, ही पद्धत कोणत्या शहाण्यानें पाडली कळत नाहीं. थंड बटाट्यावर बाहेरच्या हवेंतील पाणी धरतें, ओल्या सालीवर सड बसते, आणि कोंब आलेले नसल्यामुळें उगवण महिनाभर पुढें-मागें होत राहते. लावणीपूर्वीं निदान दहा-पंधरा दिवस बेणें घरीं आणून, सावलींत परंतु उजेड येईल अशा जागीं, दोन-तीन थरांहून उंच न होऊं देतां पसरावें. उजेडांत आलेला कोंब आंखूड, जाड व हिरवट-जांभळा होतो आणि लावतांना मोडत नाहीं; अंधारांत आलेला पांढरा लांब कोंब हात लागतांच तुटतो. पसरलेल्या बेण्यांतून सडलेले बटाटे आणि केसासारखे बारीक कोंब फुटलेले बटाटे निवडून टाकावे. हे दहा-पंधरा दिवस म्हणजे बेण्याची परीक्षा आहे; जें रानांत सडावयाचें तें ओट्यावरच सडलेलें काय वाईट ?

कोंबांची आणखी एक गोष्ट आहे. काढणीनंतर बटाटा दोन-अडीच महिने झोपलेला असतो. नुकताच जागा झालेल्या बटाट्यास प्रथम शेंड्याचा एकच कोंब येतो आणि तो इतरांस दाबून ठेवतो. असें तरुण बेणें लावलें तर झाडास एक-दोनच खोडें येतात, पीक उशिरां तयार होतें आणि बटाटे थोडे पण मोठे निघतात. शेंड्याचा तो पहिला कोंब मोडून आठ-दहा दिवस थांबलें तर इतर डोळे जागे होतात. याच्या उलट, उन्हाळाभर आरणींत राहिलेलें घरचें बेणें वयानें म्हातारें झालेलें असतें. त्यास सर्व डोळ्यांतून कोंब येतात, पीक लवकर उठतें आणि लवकर पडतें. तेव्हां एकाच आठ इंचांच्या अंतरावर लावलेल्या दोन बेण्यांतून एकाचीं साडेपांच फुटांत दहा-बारा खोडें आणि दुसऱ्याचीं तीस निघणें सहज शक्य आहे. तरुण बेणें थोडें जवळ लावावें, म्हाताऱ्या बेण्यास थोडें अंतर द्यावें. ही गोष्ट पोत्यांच्या हिशोबांत कशी बसावी ?

खोलीविषयीं फार लिहीत नाहीं. बटाट्यावर दोन-तीन इंच माती असावी. खरिपांत उथळ लावून वरंब्यावर ठेवावा म्हणजे पाणी साचत नाहीं, रब्बींत हलक्या जमिनींत किंचित् खोल गेला तरी चालतो. खरा प्रश्न आहे तो पुढें द्यावयाच्या भरीचा. झाडें वीतभर झालीं, म्हणजे लावणीनंतर सुमारें महिन्यानें, मातीची भर द्यावी आणि राहिलेला निम्मा नत्र त्याच वेळीं द्यावा. जमिनींतील आडवी फांदी मातीबाहेर डोकावली तर तिच्या टोंकास बटाटा न धरतां पालवी फुटते. धरलेला बटाटा उघडा पडला तर हिरवा होतो. हिरवा बटाटा कडू व पोटास अपायकारक. आणि भेग पडलेल्या किंवा झिजलेल्या वरंब्यांतूनच पाकोळी आंत जाऊन अंडीं घालते. रानांत पाकोळी लागली तर तीच आरणींत जाते. म्हणजे आरणींतील नासाडीचें मूळ कित्येकदां तीन महिन्यांपूर्वीं राहून गेलेल्या भरीत असतें. दोन फुटी सरी मी कां म्हणतों याचें कारणही हेंच. दीड फुटी सरींत झाडें जास्त बसतात खरीं, परंतु भर देण्यास माती कोठून आणणार ? दोन्ही बाजूंनीं ओढलेली माती पुरत नाहीं, वरंबा सुळक्यासारखा होतो आणि दुसऱ्या पाण्यास ढांसळतो. भर उशिरां देणेंही वाईट. तोंवर मुळें व फांद्या सरींत पसरलेल्या असतात, त्या कुदळीनें तुटतात.

वेळेची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, पण घाई सुटत नाहीं. बटाटा धरण्यास रात्री थंड लागतात. रात्रीचें तपमान वीस अंशांच्या आंत असेल तर उत्तम, आणि जमिनीचा ताव तीस अंशांच्या आसपास गेला तर बटाटा धरणें जवळजवळ थांबतें. म्हणून आपल्याकडील रब्बी लावणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हावी. लवकर बाजार धरण्याच्या आशेनें भाद्रपदांतच लावणारास उष्ण मातींत बेणें कुजण्याचा धोका असतो. डिसेंबरांत लावणाराचे बटाटे पोसण्याच्या वेळीं फाल्गुनाचें ऊन येतें. कुफरी लवकर ही जात १९७२ सालीं निघाली, तिनें या बाबतींत आपल्या पठारास मोठा आधार दिला. १९६८ ची कुफरी ज्योती आणि १९९८ ची कुफरी पुखराज यांचीही लागवड आपल्याकडे झाली. परंतु जात कोणतीही असो, एकीचें अंतर दुसरीस तसेंच लावूं नये. वेफर्सच्या कारखान्यासाठीं करारानें बटाटा करणारास मोठा व सारखा माल पाहिजे, त्यानें नऊ-दहा इंचांवर जावें. भाजीच्या बाजारासाठीं आठ इंच पुरे. बेण्यासाठीं करणारानें सहा इंचांवर यावें.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो अगदींच पोकळ नाहीं. निवडलेलें मध्यम बेणें किलोमागें महाग पडतें, असें म्हणतात. पडतें. समजा, मोठ्या बेण्याच्या सव्वापट किंमत द्यावी लागली. अख्खें लावावयाचें तर मोठ्या बेण्याचीं बावन्न पोतीं लागतात. मध्यमचीं सव्वीस, म्हणजे मोठ्याच्या साडेबत्तीस पोत्यांची किंमत. येथें वाद उरत नाहीं. परंतु कोणी म्हणेल कीं, मी मोठ्याच्या दोन फोडी करून सव्वीस पोत्यांतच भागवीन, मग साडेसहा पोत्यांची बचत माझी आहे. हिशोब बरोबर आहे. त्यांतून कापण्याची मजुरी, औषध, आणि अर्ध्या फोडीस अख्ख्या मध्यम बटाट्याहून डोळे कमी पडतात तें नुकसान वजा करावें. तरीही रब्बींत कांहीं उरेल हें मी नाकारीत नाहीं. ज्याच्या घरीं माणसें पुष्कळ आणि हात स्वच्छ, त्यानें रब्बींत खुशाल कापावें. खरिपांत तीच बचत एका झडींत वाहून जाते.

दुसरा आक्षेप वडिलांच्या नांवानें येतो : ते कापूनच लावीत आणि पीक येई. येई खरें, परंतु त्या वेळीं बेणें बहुधा घरच्या आरणींतलें असे, वर्षानुवर्षें डोळ्यांखालचें असे, आणि कापणारी घरचीच बाई असे, तिला कोणता बटाटा बाजूस काढावा हें सांगावें लागत नसे. आतां बेणें हजार मैलांवरून येतें आणि कापणारे मजूर पोत्यावर मजुरी घेतात. चाल तीच राहिली, माणसें बदललीं.

संघाच्या कार्यकारी मंडळापुढें माझें म्हणणें इतकेंच आहे. या वेळीं मागणीपत्रांत जातीच्या नांवाबरोबर बटाट्याचें वजनही लिहावें : तीस ते पन्नास ग्रॅम, आणि त्याबाहेरचा माल शेंकडा किती चालेल तेंही. गाडी आल्यावर दोन-चार पोतीं सभासदांसमक्ष उघडून प्रत्येकांतील दहा किलो बटाटे मोजावे. अडीचशें भरले तर सरासरी चाळीस ग्रॅम झाली. सव्वाशेंच भरले तर तें बेणें ऐंशी ग्रॅमचें आहे आणि त्याचा भाव तेथेंच बोलून घ्यावा, मग वाटप करावें. शक्य असल्यास प्रत्येक गांवांत एका सभासदानें एक गुंठा निवडक अख्ख्या बेण्याचा आणि शेजारींच एक गुंठा नेहमींच्या रीतीचा लावावा, खोडें मोजावीं, काढणीच्या दिवशीं दोहोंचें वजन प्रतवार करून लिहून ठेवावें. वहीचा नमुना मी आखून देईन. गाडी कोणत्या दिवशीं उतरणार तें दोन दिवस आधीं कळविल्यास मोजणीस मी स्वतः हजर राहीन. तराजू मात्र चांगला लागेल, कारण संघाच्या गुदामांतील कांटा गेल्या खेपेस दोनशें ग्रॅमनें खोटा निघाला होता.